पद्मिनीचा जुना स्विच टाकून देण्यापूर्वी

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांनी १९७९ साली घेतलेली प्रीमिअर पद्मिनी आपण पुन्हा रस्त्यावर आणली आहे. हेडलाइट मिणमिणतात, डॅशबोर्डवरचा लाइटचा स्विच दहा मिनिटांत हात लावता येणार नाही इतका तापतो, त्याला जरा हलवले की उजेड कमी-जास्त होतो आणि इंडिकेटरची दांडी हाताने धरून ठेवली नाही तर जागेवर राहत नाही. गावातल्या वायरमनने जुने सगळे काढून टाकून डॅशबोर्डखाली पत्र्याच्या पट्टीवर चार टॉगल स्विच लावण्याचा सल्ला दिला आहे. तो मानावा का, असे आपण विचारले आहे.

मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या फियाट, ॲम्बेसेडर आणि जीप यांच्या वायरिंगचे काम पस्तीस वर्षे केल्यावर मी या निष्कर्षाला आलो आहे की या गाड्यांचे मूळ स्विच बहुतेक वेळा दुरुस्त होण्याजोगे असतात आणि ते बाजारात नवे म्हणून मिळणाऱ्या मालापेक्षा चांगल्या धातूचे असतात. ते निकामी होतात ते वयामुळे कमी आणि त्यांच्यातून वाहणाऱ्या जास्त प्रवाहामुळे अधिक. म्हणून आधी स्विच उघडून नीट करावा आणि मग रिले, म्हणजे कॉइलमधल्या थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा वेगळा स्विच, बसवून त्याच्यावरचा भार कायमचा उतरवावा. यातले दुसरे काम केले नाही, तर पहिले दोन-तीन वर्षांत पुन्हा करावे लागते.

भार म्हणजे नेमका किती, हे एकदा हिशोब करून पाहावे. पद्मिनीचे मूळ हेडलाइटचे बल्ब ४५/४० वॅटचे असतात. वरच्या झोतावर दोन बल्बांचे ९० वॅट होतात, म्हणजे १२ व्होल्टवर साडेसात ॲम्पिअर. त्यात साइड लाइट, टेल लाइट, नंबर प्लेटचा आणि मीटरचा दिवा मिळून आणखी दोन-अडीच ॲम्पिअर धरले, तर मुख्य स्विचमधून सुमारे १० ॲम्पिअर वाहतात. स्विच नवा असताना त्याच्या कॉन्टॅक्टचा, म्हणजे आत एकमेकांना टेकणाऱ्या धातूच्या तुकड्यांचा, रोध नगण्य असतो. तो काळवंडून किंवा खड्डे पडून केवळ ०.१ ओहम इतका झाला, तरी स्विचमध्येच १ व्होल्ट पडतो आणि काडेपेटीएवढ्या बेकेलाइटच्या (जुन्या कडक प्लास्टिकच्या) डबीत १० वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंगची लहान इस्त्री २५ वॅटची असते, हे लक्षात घेतले म्हणजे स्विचला हात का लावता येत नाही ते कळते. उष्णतेने कॉन्टॅक्टवर दाब ठेवणारी पट्टी आणि स्प्रिंग यांचा ताठरपणा जातो, दाब कमी झाला की रोध वाढतो, रोध वाढला की उष्णता आणखी वाढते. हे चक्र एकदा सुरू झाले की आपोआप थांबत नाही.

उजेडाचेही तसेच आहे. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात घटत नाही, तो त्याहून फार झपाट्याने घटतो. व्होल्टेज दहा टक्के कमी मिळाले, तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतो. अशा मंद दिव्यांना कंटाळून बरेच मालक १००/९० वॅटचे हॅलोजन बल्ब लावतात आणि वायरिंग मात्र जुनेच ठेवतात. मग त्याच स्विचमधून १९ ॲम्पिअर वाहू लागतात. उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्यामुळे ती साडेतीन पटींहून अधिक होते. पावसाळ्यात एका घाटातून आलेली अशी गाडी मी उघडली आहे. तिच्या स्विचचे बेकेलाइट कोळशासारखे ठिसूळ झाले होते आणि मागच्या तारेचे प्लास्टिक चार बोटे वितळले होते. कुटुंब गाडीत असताना वळणावर दोन्ही दिवे एकदम गेले होते. आपल्या गाडीत असे बल्ब असतील, तर बाकी काही करण्यापूर्वी ते काढून मूळचे लावावेत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

स्विचवर ठपका ठेवण्यापूर्वी मोजून खात्री करून घ्यावी. ओहम मोजून काही कळत नाही, कारण मीटरचा सूक्ष्म प्रवाह खराब कॉन्टॅक्टमधूनही सहज जातो. दिवे चालू ठेवून, म्हणजे भार असताना, व्होल्टेज कुठे पडते ते पाहावे. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक स्विचच्या आत येणाऱ्या टर्मिनलला आणि दुसरे बाहेर जाणाऱ्या टर्मिनलला लावावे. ०.२ व्होल्टपर्यंत आकडा आला तर स्विच ठीक आहे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर तो उघडावाच लागेल. याच पद्धतीने बॅटरीच्या धन टोकापासून फ्यूजच्या पट्टीपर्यंत, फ्यूजच्या दोन टोकांमध्ये, स्टिअरिंगखालच्या दांडीच्या आत-बाहेर आणि शेवटी दिव्याच्या अर्थपासून (गाडीच्या पत्र्याला केलेल्या जोडणीपासून) बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत मोजत जावे. माझा अनुभव असा की मंद दिव्यांच्या तक्रारीत निम्म्या वेळा दोष दोन-तीन ठिकाणी विभागलेला असतो. या गाड्यांतले दोन्ही टोकांना निमुळते असलेले चिनी मातीचे फ्यूज ज्या पितळी कानांत बसतात, ते कान ढिले आणि काळे पडलेले असतात. दिव्याची अर्थ वायर पत्र्याला जिथे स्क्रूने बसवलेली असते, तिथे रंग आणि गंज साचलेला असतो. कोकणच्या किंवा मुंबईच्या खाऱ्या हवेत उभ्या राहिलेल्या गाडीत तर मी अर्थचा प्रत्येक स्क्रू काढून, पत्रा चकचकीत घासून, व्हॅसलिन लावून पुन्हा बसवतो आणि मगच स्विचकडे वळतो.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. आधी बॅटरीची ऋण तार काढावी. हे सर्वांना ठाऊक असते आणि तरीही घाईत राहून जाते. या पिढीच्या गाड्यांत इग्निशन आणि चार्जिंगच्या मुख्य तारांना बहुधा फ्यूज नसतो. डॅशबोर्डमागे पान्याचा एक चुकीचा स्पर्श झाला तर वितळतो तो फ्यूज नव्हे, सबंध वायरिंगचा गुच्छ. त्यानंतर स्विचच्या मागच्या प्रत्येक तारेला चिकटपट्टीचा तुकडा लावून क्रमांक लिहावा आणि दोन बाजूंनी फोटो काढावेत. तारांच्या रंगांवर भिस्त ठेवू नये. पंचेचाळीस वर्षांत कोणी ना कोणी हाताला लागेल त्या रंगाची तार जोडलेली असते.

स्विच हातात आल्यावर तो कसा जोडलेला आहे ते पाहावे. काहींचे पत्र्याचे कवच लहान दातांनी दुमडलेले असते. हे दात दोन-तीनदा वाकवणे सहन करतात, त्यानंतर तुटतात. म्हणून पातळ स्क्रू ड्रायव्हरने ते पूर्ण सरळ न करता पुरते तेवढेच उचलावेत. काही स्विच रिव्हेटने जोडलेले असतात. अशा रिव्हेटचे फक्त डोके बारीक ड्रिलने हळूहळू काढावे आणि जोडताना तीन मिलिमीटरचे लहान नट-बोल्ट वापरावेत. मात्र बोल्टचे डोके आतल्या कोणत्याही जिवंत पट्टीला लागत नाही ना, हे निरखून पाहावे. उघडण्याचे काम नेहमी मोठ्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून करावे. आत एक पोलादी गोळी आणि तिच्यामागे दाबलेली स्प्रिंग असते. ती उडाली तर फर्शीच्या कोणत्या फटीत गेली ते सापडत नाही आणि त्या मापाची गोळी मिळवण्यात आठवडा जातो.

आतले कॉन्टॅक्ट कोणत्या धातूचे आहेत, यावर सफाई ठरते. तांब्याचे किंवा पितळेचे असतील, तर त्यांच्यावरचा काळा-हिरवा थर वीज नीट वाहू देत नाही, म्हणून तो पूर्ण काढावा लागतो. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुने, गोंदासारखे झालेले ग्रीस धुवावे, मग ६०० आणि शेवटी १००० नंबरचा पॉलिश पेपर बोटाने नव्हे, तर सपाट लाकडी पट्टीला लावून फिरवावा. बोटाने घासले की कॉन्टॅक्टच्या कडा गोल होतात आणि टेकण्याची जागा कमी होते. चांदीचे बटण असेल, तर हात आवरावा. चांदीवरचा काळेपणा तितका घातक नसतो आणि चांदीचा थर फार जाड नसतो. तिथे कापडाने किंवा काचतंतूंच्या पेनाने हलकेच पुसणे पुरते. ठिणग्यांनी एका बटणावर खड्डा आणि समोरच्यावर उंचवटा आला असेल, तर फक्त उंचवटा बारीक कानशीने उतरवावा. खड्डा भरून येईपर्यंत घासत बसलात, तर चांदी संपेल. घरात पितळेची भांडी चिंचेने किंवा पावडरीने लख्ख होतात म्हणून तोच उपाय इथे करणारे पुष्कळ आहेत. तो करू नये. आम्ल आणि मीठ फटींत राहते आणि पहिल्याच पावसाळ्यात हिरवा गंज धरतो, पावडरीचे कण तर कॉन्टॅक्टच्या मध्येच बसतात.

झिजलेल्या कॉन्टॅक्टवर कथलाचा थेंब टाकून उंची वाढवणे ही आणखी एक सर्रास केली जाणारी चूक आहे. कथील मऊ असते, दाबाने बसते आणि आपण वर पाहिलेल्या उष्णतेने वितळते. बटण खरोखर संपले असेल, तर निकामी झालेल्या मोठ्या रिलेतील चांदीचे बटण काढून, त्याची दांडी पट्टीच्या भोकातून घालून मागून ठोकून बसवता येते. हे काम घड्याळजीच्या हाताचे आहे, पण होते. स्प्रिंगसारखी पट्टी मऊ पडली असेल, तर ती फॉस्फर ब्रॉन्झच्या पत्र्यातून कापून घ्यावी. पितळेची पट्टी सुरुवातीला ठीक दिसते, परंतु ती पुन्हा मऊ पडते. बेकेलाइटला तडा गेला असेल, तर तो ॲरल्डाइटने सांधता येतो. ज्या ठिकाणी तो जळून कोळसा झाला आहे, ती जागा मात्र सांधण्यालायक नसते, कारण जळके बेकेलाइट स्वतःच वीज वाहू देऊ लागते. असा स्विच बदलावाच लागतो.

जोडताना गोळी, तिचे खाचे आणि सांधा यांना पांढऱ्या लिथियम ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. कॉन्टॅक्टच्या टेकण्याच्या जागी ग्रीसचे थापे नकोत. गाडीत बसवण्यापूर्वी बॅटरी, एक फ्यूज आणि हेडलाइटचा एक बल्ब यांच्यात स्विच जोडून टेबलावरच पाव तास चालवावा. व्होल्ट पडणे मोजावे आणि हात लावून पाहावा. कोमट लागला तर हरकत नाही. गरम लागला तर पुन्हा उघडावा.

बदलण्याची वेळ आलीच, तर काय घ्यावे? मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि ऑपेरा हाउसच्या बाजारात, पुण्यात नाना पेठेत, शोधले तर पडून राहिलेला जुना कोरा माल अजून कधीमधी हाती लागतो. त्यासाठी दोन फेऱ्या जास्त माराव्यात. भंगारातल्या पद्मिनी बहुतांशी टॅक्सीच्या असत. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हापासून तोही झरा आटतो आहे. तसेही टॅक्सीचा स्विच रोज रात्री चाललेला असतो. खाजगी गाडीतून निघालेला मिळाला तर तो जास्त जिवंत असतो. नवी नक्कल घेताना लोहचुंबक बरोबर न्यावे. टर्मिनलला चुंबक चिकटले, तर आत मुलामा दिलेले लोखंड आहे, असा माल ठेवून द्यावा. हँडलची हालचाल खटकन आणि ठाम असावी, मध्येच अडकून राहणारी नसावी.

वायरमनने सुचवलेले टॉगल स्विच मी का नाकारतो, तेही सांगितले पाहिजे. त्यांच्यावर ६ ॲम्पिअर, २४० व्होल्ट असे लिहिलेले असते आणि १२ व्होल्टला ते भरपूर होतील असे वाटते. परंतु तो आकडा घरातल्या एसी विजेसाठी असतो. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि त्या क्षणी ठिणगी आपोआप विझते. गाडीतला डीसी प्रवाह तसा शून्यावर येत नाही, म्हणून स्विच उघडताना ठिणगी रेंगाळते आणि कॉन्टॅक्ट खाते. शिवाय बल्बची तार थंड असताना चालू करण्याच्या पहिल्या क्षणी नेहमीच्या सुमारे दहापट प्रवाह खेचते. आणि तिसरे म्हणजे, गुडघ्याशी लटकणाऱ्या पट्टीवर अंधारात दिव्यांचा स्विच चाचपडत शोधावा लागणे हेच धोक्याचे आहे. वडिलांच्या डॅशबोर्डची शोभा जाते ती वेगळीच, आणि तिचे महत्त्व मला कमी वाटत नाही.

आता रिले. हेडलाइटसाठी १२ व्होल्ट, ३० ॲम्पिअरचे दोन रिले घ्यावेत, एक खालच्या झोतासाठी आणि एक वरच्या. बॅटरीच्या धन टोकापासून अडीच चौरस मिलिमीटरची तार काढून, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच १५ ॲम्पिअरचा फ्यूज बसवून, ती दोन्ही रिलेंच्या ३० क्रमांकाच्या टर्मिनलला द्यावी. ८७ क्रमांकावरून प्रत्येक दिव्याला दीड चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार न्यावी. आतापर्यंत दिव्यांकडे थेट जाणारी डिपरची जुनी तार ८६ वर जोडावी आणि ८५ ला पक्का अर्थ द्यावा. झाले. आता जुन्या स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचा ०.१५ ते ०.२ ॲम्पिअर प्रवाह वाहील आणि दिव्यांना बॅटरीचे जवळजवळ पूर्ण व्होल्टेज मिळेल. मूळ ४५/४० वॅटच्या बल्बांनीच इतका फरक पडतो की मोठे बल्ब लावण्याची इच्छा राहत नाही. रिले बॅटरीच्या बाजूला, पाणी उडणार नाही अशा जागी, टर्मिनल खाली करून बसवावेत. मूळची एकही तार कापू नये. जोड थिंबलने (तारेच्या टोकावर दाबून बसवायच्या धातूच्या टोपीने) करावेत, म्हणजे उद्या कोणाला गाडी मूळ स्थितीत न्यायची असेल तर अर्ध्या तासात नेता येईल.

यात दोन बारकावे आहेत. पहिला असा की जास्त प्रवाहाच्या लहान ठिणग्या कॉन्टॅक्टवरचा पातळ थर जाळून टाकत असत, आणि आता प्रवाह कमी झाल्यामुळे ती स्वयंसफाई थांबते. म्हणून ‘रिले लावला, आता स्विच उघडायची गरज नाही’ हा समज खोटा आहे. आधी सफाई आणि मग रिले हाच क्रम ठेवावा. दुसरा बारकावा कॉइलचा. ती बंद होताना उलट दाबाचा झटका देते आणि स्विचवर ठिणगी पाडते. त्यासाठी आत रोधक बसवलेला रिले मागून घ्यावा. डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेलाही चालतो, परंतु त्यात ८५ आणि ८६ उलटसुलट करता येत नाहीत. पद्मिनीत ऋण अर्थ असल्यामुळे वर सांगितलेली जोडणी बरोबर बसते. जुन्या ब्रिटिश गाड्यांत धन अर्थ असतो, तिथे डायोडचा रिले विचार न करता जोडला तर तो त्याच क्षणी जळतो.

इंडिकेटरच्या दांडीचा दोष विजेचा नसून यंत्राचा आहे. दांडी जागेवर धरून ठेवणारी गोळी-स्प्रिंग किंवा तिचा खाचा झिजला आहे, अथवा स्टिअरिंग सरळ झाल्यावर दांडी परत ढकलणारा लहान नायलॉनचा तुकडा मोडला आहे. तिथे पोहोचण्यासाठी स्टिअरिंगचे चाक काढावे लागते. चाके सरळ ठेवून स्टिअरिंग आणि दांडा यांवर समोरासमोर खूण करावी. मधला नट सैल करून पूर्ण काढू नये, तीन-चार आट्यांवर राहू द्यावा आणि मग पुलर, म्हणजे चाक ओढून काढण्याचे अवजार, लावावे. नट काढून टाकून ओढणाऱ्यांच्या तोंडावर चाक बसलेले मी पाहिले आहे. हातोड्याने ठोकू नये, त्याने खालचे बेअरिंग खराब होते. नायलॉनला ॲरल्डाइट धरत नाही. मोडलेला तुकडा नमुना म्हणून लेथवाल्याकडे नेऊन डेल्रिन या कडक प्लास्टिकच्या सळईतून नवा करून घ्यावा, तो मूळच्याहून जास्त टिकतो. स्प्रिंग बदलताना ती जास्त कडक घेऊ नये, नाहीतर नवा तुकडाही मोडेल. इंडिकेटर आता एलईडीचे करण्याचा मोह होईल, पण जुना फ्लॅशर, म्हणजे दिवे लुकलुकवणारी डबी, २१ वॅटच्या दोन बल्बांच्या प्रवाहाने तापून चालतो. एलईडीचा प्रवाह त्याला पुरत नाही आणि दिवा लुकलुकायचे सोडून नुसता पेटून राहतो किंवा पेटतच नाही.

वायपरचा आणि हॉर्नचा स्विच याच रीतीने उघडून साफ करता येतो, त्यांविषयी वेगळे सांगण्यासारखे फार नाही. हॉर्नलाही एक रिले द्यावा, कारण स्टिअरिंगमधली सरकती कडी आणि तिच्यावर टेकणारा ब्रश प्रवाहामुळेच खाल्ले जातात.

ब्रेक लाइटच्या स्विचबाबतीत मात्र मी वरचा सगळा सल्ला उलटा करतो. या काळातल्या अनेक गाड्यांत तो ब्रेक ऑइलच्या दाबावर चालणारा, ब्रेकच्या नळीवर बसवलेला असतो. तो दुरुस्त करू नये, नवाच घ्यावा. जुना झाला की पेडल बरेच दाबल्याशिवाय दिवा पेटत नाही आणि मागच्या गाडीला आपण थांबतो आहोत हे उशिरा कळते. शिवाय त्याच्या टर्मिनलपाशी तेलाचा ओलावा दिसला, तर तो ब्रेकचा दोष समजावा, विजेचा नव्हे. स्विच बदलल्यावर नळीत शिरलेली हवा काढण्यासाठी ब्रेक ब्लीड करणे अनिवार्य आहे, त्याशिवाय गाडी अंगणाबाहेर काढू नये. नंतर रात्री गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करावी आणि पेडलवर पायाचा नुसता भार दिला तरी भिंत लाल होते का, ते पाहावे.